बिल कुणाच्या नावावर फाडायचं?

फेब्रुवारी २०१३ मध्ये बीड जिल्ह्यातलं परळीचं औष्णिक विद्युत केंद्र बंद करावं लागलं. कोळसा होता, यंत्रं धड होती, कामगार हजर होते, पाणी नव्हतं. १,१३० मेगावॅट क्षमतेचं ते केंद्र दुष्काळाने थांबवलं. २०१५ च्या जुलैत पुन्हा तीच वेळ आली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात, एप्रिल २०१६ मध्ये, शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी न्यावं लागलं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होतं.

कोळशावर वीज करायची म्हणजे पाण्याची वाफ करायची, त्या वाफेने टर्बाइन फिरवायचं आणि मग ती वाफ पुन्हा गार करायची. गार करण्याच्या या कामात सगळ्यात जास्त पाणी खर्च होतं. केंद्र सरकारने २०१५ च्या अखेरीस जुन्या औष्णिक केंद्रांना एका युनिटमागे साडेतीन लिटरची मर्यादा घालून दिली. त्या हिशेबाने परळीएवढं केंद्र पूर्ण क्षमतेने चाललं तर दिवसाला साधारण साडेनऊ कोटी लिटर पाणी लागतं. ज्या जिल्ह्यात माणसं टँकरची वाट बघत उभी असतात, तिथे हे पाणी आणायचं कुठून?

मराठवाड्याला दुष्काळ नवा नाही. बहात्तरचा दुष्काळ आजही घराघरात सांगितला जातो, तेव्हा हवामानबदल हा शब्दही कुणी ऐकला नव्हता. परळीचे संच हवामानबदलानेच बंद पाडले, असं म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. पण 'आधी विकास करू, हवामानाचं नंतर बघू' हा युक्तिवाद ज्या गृहीतकावर उभा आहे, ते परळीत उघडं पडलं. विकासाचं यंत्र हवामानाच्या बाहेर कुठेतरी सुरक्षित उभं आहे आणि त्यातून मिळालेल्या पैशांतून आपण पुढे हवामान दुरुस्त करून घेऊ, असं ते गृहीतक आहे. प्रत्यक्षात ते यंत्र पावसावर चालतं.

तरीही 'आधी विकास' म्हणणाऱ्यांना झटकून टाकणं सोपं नाही आणि योग्यही नाही. त्यांची बाजू भक्कम आहे, आणि ती आधी नीट ऐकायला हवी.

ती जागतिक व्यासपीठावर ठामपणे मांडली गेली १९७२ च्या जूनमध्ये, स्टॉकहोमच्या पर्यावरण परिषदेत. यजमान स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे सोडले तर तिथे हजर असलेल्या इंदिरा गांधी या एकट्याच सरकारप्रमुख होत्या. गरिबी आणि गरज हेच सर्वांत मोठे प्रदूषक नाहीत का, हा त्यांचा प्रश्न गेली पन्नास वर्षं प्रत्येक परिषदेत कुणी ना कुणी वेगळ्या शब्दांत विचारत आलं आहे. १९९१ मध्ये दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट'चे अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी त्याला हिशेबाची जोड दिली. अमेरिकेतल्या एका संस्थेने देशोदेशींच्या उत्सर्जनाची यादी काढून भारताला मोठ्या दोषींमध्ये बसवलं होतं. भाताच्या खाचरातून आणि गुराढोरांच्या पोटातून निघणारा मिथेन आणि चैनीच्या मोटारींतून निघणारा धूर एकाच पारड्यात कसा घालता, असा या दोघांचा सवाल होता. जगण्यासाठीचं उत्सर्जन वेगळं आणि चैनीचं वेगळं. पुढच्याच वर्षी रिओत झालेल्या हवामान करारात जबाबदारी सर्वांची, पण सारखी नाही, हे तत्त्व लिहिलं गेलं.

आकडेही हेच सांगतात. भारतीय माणसामागे वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जगाची सरासरी पावणेपाच टनांच्या आसपास, चीनची आठच्या पुढे आणि अमेरिकेची चौदाच्या घरात. औद्योगिक क्रांतीपासून आजवरच्या साऱ्या उत्सर्जनात अमेरिकेचा वाटा सुमारे एक चतुर्थांश, भारताचा तीन-साडेतीन टक्के. ज्यांनी दीडशे वर्षं कोळसा जाळून घरं उबदार केली, त्यांनी आता चूल पेटवणाऱ्या बाईला धूर मोजायला सांगावं, याचा राग येणं स्वाभाविक आहे. तो राग मलाही येतो.

मात्र या सरासरीच्या आड बरंच काही झाकलं जातं. एकूण उत्सर्जनात भारत आज जगात तिसरा आहे आणि दरडोई दोन टनांचा आकडा आपल्यातल्या सगळ्यांना सारखा लागू नाही. मेळघाटातल्या कुटुंबाचा धूर आणि मुंबईत समुद्राकडे तोंड करून चार एसी लावून राहणाऱ्या कुटुंबाचा धूर यांची बेरीज करून भागाकार केला, की दोघंही निर्दोष दिसू लागतात. 'ग्रीनपीस'च्या भारतीय शाखेने २००७ मध्ये आपल्या अहवालात नेमका हाच आरोप केला होता: भारतातले श्रीमंत गरिबांच्या पाठीमागे लपत आहेत. अगरवाल आणि नारायण यांची कसोटी प्रामाणिकपणे लावायची, तर ती देशाच्या सीमेवर थांबवता येत नाही. जगण्याचं आणि चैनीचं उत्सर्जन पुण्यातही वेगळं मोजावं लागेल.

अर्थशास्त्रज्ञांचं भांडण निराळ्याच जागी आहे. पृथ्वी तापते आहे याबद्दल त्यांच्यात दुमत नाही. आज किती खर्च करायचा, याबद्दल आहे. ब्रिटिश सरकारसाठी निकोलस स्टर्न यांनी २००६ मध्ये अहवाल लिहिला. जगाने उत्पन्नाचा साधारण एक टक्का आत्ता खर्च केला नाही, तर पुढे पाच ते वीस टक्क्यांचं नुकसान कायमचं सोसावं लागेल, असा त्याचा सारांश. येल विद्यापीठाचे विल्यम नॉर्डहाउस यांनी, ज्यांना २०१८ मध्ये याच विषयातल्या कामासाठी नोबेल मिळालं, त्यावर कडाडून टीका केली. त्यांच्या मते पावलं उचलायची, पण सावकाश, चढत्या क्रमाने.

दोघांच्या निष्कर्षांत एवढं अंतर पडायला मुख्यतः एकच आकडा कारण आहे. शंभर वर्षांनी होणाऱ्या नुकसानीची आजची किंमत काढताना वर्षाला किती टक्क्यांनी ती कमी करत यायचं, तो दर. स्टर्न यांनी तो १.४ टक्के धरला, नॉर्डहाउस सव्वाचार टक्क्यांच्या आसपास धरतात. आपण स्वतः गुणाकार करून बघू. शंभर वर्षांनी एक कोटी रुपयांचं नुकसान होणार आहे. ते टाळण्यासाठी आज किती खर्च करणं परवडेल? स्टर्न यांच्या दराने जवळजवळ पंचवीस लाख. नॉर्डहाउस यांच्या दराने जेमतेम दीड लाख. नुकसान तेच, माणसं तीच, फक्त दर बदलला.

नॉर्डहाउस यांचा दर मनमानी नाही. बाजारात पैसा ज्या दराने वाढतो, त्यावर तो बेतलेला आहे, आणि पुढची पिढी आपल्यापेक्षा श्रीमंत असेल असा त्यामागे विश्वास आहे. श्रीमंत नातवासाठी गरीब आजोबाने पोटाला चिमटा का घ्यावा? डेन्मार्कचे बियोर्न लोम्बोर्ग हेच पुढे नेतात: तेवढ्या पैशात आज मलेरिया, कुपोषण आणि अस्वच्छ पाण्यावर काम केलं तर जास्त जीव वाचतील. हा मुद्दा मनाला लागतो. पण या हिशेबात एक जागा मला कधीच पटलेली नाही. त्यात पैसे भरणारा आणि नुकसान सोसणारा एकाच कुटुंबातले धरलेले असतात. वास्तवात जगाचं एकूण उत्पन्न वाढेल तेव्हाही बीडमधला ऊसतोड कामगार आणि ह्यूस्टनमधला तेल कंपनीचा भागधारक एका ताटात जेवणार नाहीत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ मध्ये अंदाज मांडला की वाढत्या उष्णतेमुळे २०३० पर्यंत भारतातले ५.८ टक्के कामाचे तास वाया जातील, म्हणजे ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ नोकऱ्यांइतके. हे तास एसीत बसणाऱ्यांचे नाहीत. ते शेतातले, बांधकामावरचे आणि वीटभट्टीवरचे आहेत. विकासासाठी हवामानाला थोडं बाजूला ठेवू म्हणताना ज्यांच्या नावाने आपण बोलतो, त्यांचीच मजुरी आधी बुडते.

वाद या पातळीवर राहिला, तर तो संपणारा नाही. जमिनीवर उतरलं की काही ठिकाणी तो चक्क विरून जातो. कृषिपंपांचंच घ्या.

महाराष्ट्रात पंचेचाळीस लाखांच्या आसपास कृषिपंप आहेत. शेतीच्या फीडरला थ्री फेज लाईट आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळते. ज्या दिवशी रात्रीची पाळी, त्या दिवशी शेतकरी बॅटरी आणि काठी घेऊन बाराच्या सुमारास घराबाहेर पडतो. लाईट आली तर मोटार सुरू होते. मध्येच गेली तर परत येईपर्यंत बांधावर बसून राहायचं. दारं धरायची म्हणजे अनवाणी पायांनी गुडघाभर चिखलात उभं राहून एक सरी भरली की दुसरीला पाणी वळवायचं. जुन्नर, शिरूर, आंबेगावच्या उसात बिबट्या आहे. साप तर सगळीकडेच आहेत. थंडीत पाणी बर्फासारखं लागतं. त्यातच डीपी जळाली, तर पीक वाळेपर्यंत नवी मिळेल याची खात्री नाही.

रात्रीच का? कारण दिवसा कारखान्यांची आणि शहरांची मागणी जोरात असते. रात्री ती उतरते, पण कोळशाचे संच बटण दाबून कमी-जास्त करता येत नाहीत. रात्रीची उरलेली वीज शेतीकडे वळवणं ही त्या व्यवस्थेची सोय होती, आणि त्या सोयीची किंमत शेतकऱ्याने झोप आणि जीव देऊन मोजली.

सूर्याची वीज तयार होते भर दुपारी. तिच्यावरचा नेहमीचा आक्षेप असा की हवी तेव्हा ती मिळत नाही. पंपाला हा आक्षेप लागूच होत नाही. पाणी सकाळी अकराला दिलं काय किंवा दुपारी दोनला, जमीन ते धरून ठेवते. इथे बॅटरीची गरज नाही. हे ओळखून २०१७ मध्ये राळेगणसिद्धीपासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची सुरुवात झाली. उपकेंद्राजवळच्या जागेवर सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीचा फीडर थेट त्यावर चालवायचा, ही तिची कल्पना. दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावात सुरू झाला. क्षमता फक्त तीन मेगावॅट. पण त्या फीडरवरच्या शेतकऱ्याला दिवसा लाईट मिळते. या योजनेतल्या निविदांमध्ये युनिटचा दर तीन रुपयांच्या आसपास आला. इथे उत्सर्जन घटतं, वीज स्वस्त होते आणि राहणीमान सुधारतं. यातलं कुठलं कुठल्याच्या आड येत नाही.

हे शक्य झालं ते किमती कोसळल्यामुळे. राष्ट्रीय सौर अभियानाच्या सुरुवातीला, २०१० मध्ये, सौर विजेच्या निविदा युनिटला अकरा-बारा रुपयांच्या घरात होत्या. २०१७ मध्ये राजस्थानात भडला इथे दर २ रुपये ४४ पैशांवर आला. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात १ रुपया ९९ पैशांवर. जगात सौर पॅनेलचं एकूण उत्पादन दुप्पट झालं की किंमत सुमारे एक पंचमांशाने उतरते, असा गेल्या काही दशकांचा अनुभव आहे. एलईडी दिव्यांचंही तसंच झालं. २०१४ मध्ये सरकारी खरेदीत ३१० रुपयांना पडणारा दिवा दोन वर्षांत चाळीस रुपयांच्या खाली आला.

पण सौर पंपालाही आपली गोम आहे. दिवसभर फुकट वीज मिळाली की मोटार बंद करायला कारण उरत नाही. मराठवाड्यात बोअर आधीच खोल गेले आहेत. पाणी किती उपसायचं याचं बंधन गावाने घालून घेतलं नाही, तर उन्हाच्या विजेने विहिरी आणखी लवकर आटतील. हिवरे बाजारसारख्या गावाने बोअरवेलवर बंदी घालून आणि पाण्याचा ताळेबंद मांडून हे करून दाखवलं आहे, पण तो शिस्तीचा भाग आहे. पॅनेलसोबत तो येत नाही.

आणि संध्याकाळ आहेच. सात वाजता सूर्य मावळलेला असतो आणि घरोघरी दिवे, पंखे, टीव्ही, एसी एकदम लागतात. २०२५ च्या मध्यावर देशाच्या वीजनिर्मिती क्षमतेतला निम्मा वाटा बिगर-जीवाश्म स्रोतांचा झाला, ही बातमी खरी आहे. पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेतली सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज अजून कोळशाचीच आहे, आणि २०२४-२५ मध्ये देशाचं कोळसा उत्पादन शंभर कोटी टनांपलीकडे गेलं, हेही तितकंच खरं. पाणी उलटं चढवून साठवणारे प्रकल्प आणि बॅटऱ्या स्वस्त होत आहेत, तरी पोलाद आणि सिमेंटच्या भट्ट्यांना त्यांच्यावर विसंबता येत नाही. इथे संघर्ष खरा आहे. तो नाकारणारे हवामानवादी मला कोळशाचं गुणगान करणाऱ्यांइतकेच बेजबाबदार वाटतात.

या खऱ्या संघर्षात भार गरिबावर टाकला की काय होतं, ते फ्रान्सने पाहिलं. पेट्रोल-डिझेलवरचा कर वाढवण्याचा निर्णय झाला. पॅरिसमध्ये मेट्रोने फिरणाऱ्याला त्याची झळ नव्हती. खेड्यातून रोज मोटारीने कामावर जाणाऱ्या परिचारिकेला होती. १७ नोव्हेंबर २०१८ ला पिवळी जाकिटं घातलेले लोक रस्त्यावर आले, आणि डिसेंबरमध्ये सरकारने करवाढ मागे घेतली. दक्षिण आफ्रिकेत कोमाटीचं औष्णिक केंद्र ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद झालं, तेव्हा कामगारांसाठी ठरवलेली पर्यायी कामं उभीच राहिलेली नव्हती. आता त्या देशात स्वच्छ ऊर्जेचं नाव काढलं की विरोधक कोमाटीकडे बोट दाखवतात.

गरीब देशांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट क्वचितच बोलली जाते, ती म्हणजे व्याज. कोळशाच्या केंद्राचा मोठा खर्च रोजच्या इंधनाचा असतो. सौर प्रकल्पात जवळजवळ सगळा पैसा पहिल्याच दिवशी घालावा लागतो, नंतर ऊन फुकट. म्हणून सौर विजेचा भाव उन्हापेक्षा कर्जाच्या दरावर जास्त ठरतो. एक कोटीचं वीस वर्षांचं कर्ज चार टक्क्यांनी मिळालं, तर वर्षाचा हप्ता साधारण ७ लाख ३६ हजार. दहा टक्क्यांनी मिळालं, तर पावणेबारा लाख. तेच पॅनेल, आणि आपल्याकडे ऊन जर्मनीपेक्षा कितीतरी जास्त, तरी त्यातला मोठा फायदा बँकेच्या व्याजात जिरतो. २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी २०२० पर्यंत वर्षाला शंभर अब्ज डॉलर उभे करण्याचं वचन दिलं. ते २०२२ मध्ये पुरं झालं, आणि त्यातला बराच भाग कर्जाच्या रूपात. २०२४ मध्ये बाकूच्या परिषदेत २०३५ पर्यंतचा आकडा तीनशे अब्ज ठरला, तेव्हा भारताच्या प्रतिनिधीने तो तिथल्या तिथे अपुरा ठरवला. दुसरीकडे युरोपने आयात पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंटवर कार्बनचा आकार लावण्याची व्यवस्था उभी केली आहे. स्वस्त भांडवल द्यायचं नाही आणि कोळशावर बनलेल्या मालावर दंड घ्यायचा, हे मला अन्यायाचं वाटतं.

तरी दुसऱ्याच्या अन्यायामुळे आपल्या घरचा हिशेब टळत नाही. महाराष्ट्रात तो चंद्रपुरात मांडावा लागेल. २,९२० मेगावॅटचं तिथलं महाऔष्णिक केंद्र राज्यातल्या सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक. भोवती वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी, घुग्घुस, बल्लारपूर, माजरी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये हा भाग अतिप्रदूषित ठरवला. मुंबई-पुण्याची वीज या लोकांनी राख आणि धूर सोसून पुरवली. उद्या जुने संच बंद झाले, तर कायम नोकरीतल्या कामगाराला बदलीचा आधार आहे. कंत्राटी कामगाराला, कोळशाच्या ट्रकवरच्या चालकाला, वसाहतीच्या फाटकावर चहाची टपरी चालवणाऱ्या बाईला काय आहे? खाणपट्टेधारकांनी स्वामित्वधनाच्या प्रमाणात भरलेला जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी २०१५ च्या कायद्यापासून याच जिल्ह्यांसाठी राखलेला आहे. कुठला संच कोणत्या वर्षी थांबणार, हे किमान दहा वर्षं आधी जाहीर व्हावं, आणि त्या यादीशेजारी त्या संचावर पोट असलेल्या प्रत्येक कंत्राटी माणसाचं प्रशिक्षण आणि नवं काम या निधीतून कसं उभं राहणार, हेही लिहिलेलं असावं. संच बंद झाल्यावर नेमलेली समिती त्यांच्या काही उपयोगाची नाही.